गेटसमोरच्या बाई

आमच्या पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे झालरताई म्हणायचे. पडदा कुणीही शिवला तरी त्याची झालर तिच्याच मशिनवर जायची. चुण्या इतक्या सारख्या घालायची की गिऱ्हाइकाला वाटायचं, कापडच तसं विणून आलंय. मी तिच्या शेजारच्या मशिनवर बसायचे. आमच्या लायनीत आवाज एवढा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, त्यामुळे बायका उगाच बोलत नाहीत. ही हकिकत तिनं मला तशीच, तुकड्यातुकड्यानं सांगितली. थोडी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

तिचा नवरा आधी आमच्याच कारखान्याचा टेम्पो चालवायचा. माल चढवता चढवता दोघांचं जमलं आणि दोघांनी कचेरीत जाऊन सह्या करून लग्न केलं. घरी कळलं ते सह्या झाल्यावर. नवऱ्याचे वडील काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर फोरमन होते. घरात आणि कामावर सगळे त्यांना दादा म्हणायचे आणि सगळेच वचकून असायचे. मुलानं बायकोला दारात उभं केलं तेव्हा दादा काही ओरडले नाहीत. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, तिच्या सुया टोचलेल्या बोटांकडे पाहिलं आणि आपल्या बायकोला म्हणाले, "तिला सांग, चपला बाहेर काढ म्हणावं."

त्या दिवसापासून ते तिच्याशी कधी थेट बोलले नाहीत. ती समोर ताट घेऊन उभी असली तरी म्हणायचे, "तिला सांग, भाजीत मीठ नाही." सासूबाई दुभाष्यासारख्या मध्ये. "अगं, मीठ नाही म्हणतायत." जसं काही सुनेला कानच नव्हते. उत्तरही त्याच वाटेनं परत जायचं. सासूबाई गेल्यावर पंचाईत झाली, कारण मुलगा आता लांबच्या ट्रकवर होता आणि आठ-आठ दिवस घरी नसायचा. मग दादा रेडिओला सांगायला लागले. "चहा गार झालाय म्हणावं." रेडिओवर बातम्या चाललेल्या असायच्या. झालरताई हे सांगताना हसायची. म्हणायची, "माझ्या स्वयंपाकात काय कमी पडतं ते आमच्या रेडिओला तोंडपाठ आहे."

तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यातून घरी आली तेव्हा दादा दाराशीच उभे होते. तिला वाटलं, आज तरी काहीतरी बोलतील. ते मुलाला म्हणाले, "तिला सांग, आडवी हो म्हणावं. स्वयंपाकाचं बघू आपण." लग्नाला अठरा वर्षं झाली तोवर त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल निघालेलं मायेचं वाक्य ते एवढंच.

दादांचं विसरणं चष्म्यापासून सुरू झालं. चष्मा डोळ्यांवर असायचा आणि ते घरभर शोधायचे. मग रिकामं भांडं गॅसवर ठेवून जायला लागले. मग एक दिवस पहाटेच उठून, जुना निळा शर्ट घालून, डबा काखेत धरून कामावर निघाले. बाटल्यांचा कारखाना बंद पडून किती काळ झाला होता. त्या जागी आता फरशांचं गोदाम आहे. गोदामाच्या वॉचमननं त्यांना हाताला धरून घरी आणलं आणि दारातून म्हणाला, "ताई, तुमचे साहेब ड्यूटीवर आले होते." दुसऱ्या आठवड्यात परत तेच. वॉचमन बिचारा सज्जन, पण त्यालाही नोकरी होती.

झालरताईनं मग कारखाना सोडला. मालक चांगला होता. म्हणाला, घरी बसून काठ दुमडायचं काम घे. त्या कापडाचे गठ्ठे पोचवायला आणि आणायला मी जायचे, म्हणून तिचं घर मला ठाऊक आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दादांची खाट, एक टेबल आणि त्या टेबलावर रेडिओ. आत स्वयंपाकघर. मधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती. ताट आतून बाहेर द्यायला पूर्वी कुणीतरी पाडून घेतलेली. खिडकीला लाकडाची फळी होती, कोपर टेकता येईल एवढी.

कामावर जायचं वेड एकवेळ परवडलं. दाराला वरची कडी लावली की भागायचं. पण मग दादांनी खाणं सोडलं. ताट समोर आलं की आधी वास घ्यायचे, मग बोटानं उलटंपालटं करून बघायचे आणि सरकवून द्यायचे. रेडिओला म्हणायचे, "ती यात काहीतरी टाकते." झालरताईनं त्यांच्यासमोर स्वतः चार घास खाऊन दाखवले. उपयोग झाला नाही. मग तिनं खालच्या मजल्यावरच्या काकूंना विनवलं की ताट तुम्ही द्या. काकूंनी दिलं. दादांनी विचारलं, कुणी केलंय? काकूंना खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाल्या, सुनेनं. ताट तसंच परत आलं.

शर्टाच्या कॉलरमध्ये मान हलायला लागली. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, "पथ्यपाणी सगळं सोडा. काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. या आजारात माणसं आजारानं कमी आणि उपासानं जास्त जातात." नवरा फोनवर म्हणायचा, अगं, जरा समजावून सांग. कुणाला समजवायचं आणि कुणाच्या तोंडून, हे तो सांगत नसे.

त्यातच एकदा नणंद आली. ती दुसऱ्या गावी असते, शाळेत क्लार्क आहे. येताना स्टँडवरच्या दुकानातून खोकाभर मफिन घेऊन आली, दालचिनीचे. तिनं खोकं टेबलावर उघडलं आणि चहा टाकायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर दादांच्या हातात मफिन, आणि ते खाताहेत. सावकाश, सगळ्या बाजूंनी, वरची साखर बोटानं टिपून. कागदसुद्धा उलगडून चाटला. मग मुलीला म्हणाले, "गेटसमोरच्या बाईंचा आहे ना? पण गार आहे. त्या गरम देतात."

नणंदेला आठवलं. ती लहान असताना कारखान्याच्या गेटसमोर एका घराच्या खिडकीतून एक बाई सकाळी दालचिनीचे गरम केक विकायची. रात्रपाळी सुटली की भट्टीवरची माणसं त्या खिडकीशी उभी राहायची. तोंडं भाजून लाल झालेली, डोळे चुरचुरताहेत, आणि हातात तो केक. दादा रोज एक तिथंच खायचे आणि कधीतरी मुलांसाठी एक खिशात घालून आणायचे. शर्टाला तूपकट डाग पडायचा म्हणून आई चिडायची. त्या बाईचं नाव काय होतं ते नणंदेला माहीत नव्हतं. ती बाई जाऊनही जमाना लोटला होता.

नणंद दोन दिवसांनी गेली, खोकंही संपलं. दादांनी पुन्हा तोंड मिटलं. स्टँडचं दुकान गावाच्या त्या टोकाला. दादांना एकटं सोडून रोज तिकडे जाणं शक्य नव्हतं, आणि शिळा मफिन ते हातात घेऊन परत ठेवायचे. तेव्हा झालरताईनं ठरवलं की घरीच करायचे.

खालच्या काकूंकडे ओव्हन होता. मुलं परदेशी गेल्यापासून त्यात त्या नुसती पातेली ठेवायच्या. दोघींनी तो जिन्यानं वर चढवला, दर वळणावर टेकवत. काकूंनी कृती सांगितली. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि दालचिनीची पूड एकीकडे. अंडी, दूध, वितळलेलं लोणी दुसरीकडे. मग दोन्ही एकत्र. झालरताईनं पहिला घाणा जीव तोडून घोटला. मिश्रण कसं गुळगुळीत, रेशमासारखं झालं. भाजून निघाले ते खोडरबर. काकूंनी एक दाबून बघितला आणि म्हणाल्या, "पीठ ओलं झालं की हात काढ. गुठळ्या राहिल्या तर राहू देत." आयुष्यभर सारख्या चुण्या घालत आलेल्या बाईला गुठळ्या राहू देणं फार जड गेलं. दुसरा घाणा आतून कच्चा निघाला. तिसरा खालून करपला. ते सगळे आम्ही कारखान्यात चहाबरोबर संपवले. तोंडानं छान छान म्हणत होतो, आणि दाढा दुखत होत्या.

चौथ्या की पाचव्या खेपेला जमलं. काकूंनी शेवटची गोष्ट दाखवली. मफिन गरम असतानाच त्याचं डोकं वितळलेल्या लोण्यात बुडवायचं आणि लगेच दालचिनी मिसळलेल्या साखरेत फिरवायचं. साखर चिकटून बसते आणि वर खरखरीत पापुद्रा येतो. दालचिनी ती आयत्या वेळी कुटायची. त्या वासानंच दादा जागे व्हायचे.

त्या सकाळी तिनं केसांना फडकं बांधलं होतं, अंगावर पिठानं माखलेला एप्रन होता. ओव्हनमधून ट्रे काढून तिनं मधल्या खिडकीच्या फळीवर ठेवला, गार व्हायला. एवढ्यात पलीकडून दादा उठून आले. निळा शर्ट, बटणं चुकीची लावलेली. खिडकीशी उभे राहिले, फळीवर कोपर टेकलं आणि थेट तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "अहो बाई, आज उशीर झाला का तुम्हाला?"

झालरताई मला म्हणाली होती की आधी तिला वाटलं, मागं कुणीतरी उभं आहे. तिनं वळूनसुद्धा बघितलं. मागं फक्त ओव्हन होता. ते तिलाच अहो म्हणत होते. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "झाला थोडा. घ्या, गरम आहे."

दादांनी घेतला. "तुम्हीपण उभ्याच असता सकाळपासून," ते म्हणाले. "पाय दुखत असतील."

तिनं आणखी एक उचलून त्यांच्यापुढं ठेवला.

तेव्हापासून रोजचा तोच नेम झाला. सकाळी ती फडकं बांधायची, एप्रन चढवायची आणि मफिन करायची. दादा खिडकीशी यायचे. एक तिथंच उभ्यानं खायचे, दुसरा टेबलाशी बसून, दुधाबरोबर. तिनं हळूहळू मिश्रणात किसलेलं सफरचंद, शिजवलेलं गाजर, दुधाची पावडर असं काय काय घालायला सुरुवात केली. दादांना पत्ता लागला नाही. वजन थोडं वाढलं. डॉक्टर खूश झाले.

आणि दादा बोलायचे. भट्टीबद्दल, एका पोरानं चिमटा कसा उलटा धरला आणि हात कसा भाजून घेतला त्याबद्दल. साहेब लोक काचेचं काही कळत नसताना कसे रुबाब करतात त्याबद्दल. आपल्या बायकोबद्दल ते आदरानं बोलत. मी एकदा सकाळीच गठ्ठा घेऊन गेले होते, तेव्हा हा सगळा प्रकार बघितला. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "रांगेत उभ्या राहा, बाई." मी राहिले. आतून झालरताईनं मला मफिन दिला आणि तिच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. ओळखीच्या दुकानातल्या बाईचं असतं तसं, थोडं मिजासखोर हसू. मला ती आवडली तशी. मागाहून जिन्यात ती मला म्हणाली, "सकाळचा तेवढा वेळ मला कुणीतरी अहो म्हणतं गं. मग दिवसभर काय व्हायचं ते होऊ दे."

दिवसभर जे व्हायचं ते वाईट होतं. फडकं सोडलं, साडी बदलली की ती पुन्हा 'ती' व्हायची. आंघोळीला न्यायला हात लावला की दादा तिला ढकलायचे. एकदा दुपारी त्यांनी पाण्याचा तांब्या फेकून मारला तो तिच्या गालफडाला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभं राहून त्यांनी विचारलं, "बाई, गालाला काय झालं?" ती म्हणाली, ओव्हनचं दार लागलं. दादा म्हणाले, जपत जा, या कामात भाजण्याला काही धरबंध नसतो. मग त्यांनी आपल्या दंडावरचा जुना डाग दाखवला.

तिच्या मनात आलं की बाईचं ऐकतात तर बाईच्या तोंडून सांगून बघावं. म्हणून एका सकाळी दूध देता देता तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "तुमची सून कशी आहे हो?"

दादांनी घास थांबवला. मग म्हणाले, "कामाला बरी होती. उलट बोलली नाही कधी."

"मग तुम्ही का बोलत नाही तिच्याशी?"

"पहिल्या दिवशी रागात बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कसं बोलायचं? लोक म्हणतील, उतरला." ते ओशाळल्यासारखे हसले. "तसंच राहून गेलं."

झालरताई फळी दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मग आता बोला की."

"आता?" दादा म्हणाले. "आता कुठली? ती गेली. झाली की बरीच वर्षं. दोन मुलं गेली पोटातच, त्यातच गेली तीपण." त्यांनी ओठाची साखर पुसली. "कुणी रडलंसुद्धा नाही हो तिच्यासाठी."

ट्रे तसाच टाकून ती स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसली. खिडकीतून दादांना ती दिसेना. त्यांनी दोन हाका मारल्या, "बाई, अहो बाई," आणि मग खाटेवर जाऊन पडले. मला हे सांगताना ती म्हणाली की आपल्यासाठी रडावं की त्यांच्यासाठी हेच तिला कळेना, म्हणून ती रडलीच नाही. दुपारी ती जेवणाचं विचारायला गेली तर दादा भिंतीला चिकटले. डोळे विस्फारलेले. मेलेली बाई समोर चालताना बघितल्यासारखे.

त्यानंतर तिनं दुपारीसुद्धा फडकं सोडणं बंद केलं. दिवसभर एप्रन. घरातून झालरताई जवळजवळ नाहीशीच झाली. दादा शांत झाले. आंघोळीलाही यायला लागले, कारण गेटसमोरच्या बाई पाणी तापलंय म्हणाल्या तर नाही कसं म्हणायचं. मी तिला म्हटलं, अगं, किती दिवस चालवणार आहेस हे सोंग? ती म्हणाली, "सोंग कुठलं? माझ्या लग्नापासून त्या घरात जे चाललं होतं ते सोंग होतं."

मग नवरा घरी आला. त्याच्या कंबरेचा मणका सरकला होता आणि डॉक्टरांनी ट्रक बंद करायला सांगितला होता. आतापर्यंत तो यायचा तेव्हा दोन दिवस झोपून काढायचा आणि निघायचा. वडील खातात, अंगावर मांस धरलंय, एवढंच त्याला दिसायचं. आता तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून सकाळ-संध्याकाळ पडून होता आणि सगळं डोळ्यांदेखत बघत होता. बायको डोक्याला फडकं बांधून खिडकीत उभी राहते. बाप तिला अहो बाई म्हणतो. ती बापाला सांगते, उद्या लवकर या, संपतात. त्याला ते सहन होईना. तो तसा वाईट माणूस नाही. मी त्याला टेम्पोच्या काळापासून ओळखते. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी लागल्या असणार. एक, आपल्या बापाचं हसं होतंय. दुसरी, आपली बायको मरमर मरते आणि नाव कुणा भलत्याच बाईचं होतं. तो तिला म्हणाला, हे बंद कर. ती म्हणाली, बंद केलं तर ते खाणार नाहीत. तो म्हणाला, खातील, मी सांगतो त्यांना. ती म्हणाली, नको सांगूस. मला म्हणाली, हातापाया पडले मी त्याच्या.

त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या सकाळी दादा खिडकीशी उभे होते, हातात मफिन होता, नुकताच एक घास घेतलेला. नवरा भिंतीला धरून उठला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमानं म्हणाला, "दादा, नीट बघा. या कुणी बाई नाहीत. ही माझी बायको आहे, तुमची सून. हे सगळं तीच करते तुमच्यासाठी, रोज."

त्यानं आत हात घालून तिच्या डोक्यावरचं फडकं सोडलं.

दादांनी तिच्याकडे पाहिलं. झालरताई सांगते की त्या क्षणी त्यांचे डोळे पूर्वीसारखे स्वच्छ झाले, भट्टीवरच्या फोरमनचे. त्यांना सगळं कळलं. ती कोण, मफिन कुणाचे, आपण खिडकीशी उभं राहून इतके दिवस काय काय बोललो, सगळं. मानेपासून कपाळापर्यंत ते लाल झाले. हातातला मफिन त्यांनी फळीवर ठेवला, सांडलेली साखर हातानं गोळा करून त्याच्याशेजारी ठेवली आणि मुलाकडे वळून म्हणाले, "तिला सांग, असं फसवायला नको होतं."

मग खाटेवर जाऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढी एक गोष्ट ते विसरले नाहीत. बाकी सगळं विसरले. मुलाचं नाव विसरले, संडास कुठं आहे ते विसरले, स्वतःचा हात उचलून हा कुणाचा म्हणून विचारायला लागले. पण खिडकीकडे परत गेले नाहीत. झालरताईनं फडकं बांधलं, दालचिनी कुटली, ट्रे फळीवर ठेवला. वास घरभर सुटला. दादांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. नवऱ्यानं स्वतः भरवायचा प्रयत्न केला. खालच्या काकूंनी केला. नणंद रजा टाकून आली, तिनं केला. तिच्या हातून ते दोन-चार घास घ्यायचे आणि मग ओठ मिटायचे. कसं कोण जाणे, पण प्रत्येक घासात त्यांना 'ती' लागायची.

शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. वॉर्डात खाटा एकमेकींना खेटून, खिडकीची काच रंगवलेली, पडदे असे की बघवेना. झालरताई म्हणाली, तिथं बसून तिनं एका पडद्याचा उसवलेला काठ शिवून दिला, सुई-दोरा पर्समध्ये होताच. बाकी तिला तिथं करायला काही नव्हतं. तिनं चमचा पुढं केला की दादांचे ओठ शिवल्यासारखे व्हायचे. हिरव्या कपड्यातली नर्स यायची, गबाळी, घाईत, कुणाशीतरी बोलत बोलत चमचा तोंडाशी धरायची, आणि दादा तोंड उघडायचे. नर्स म्हणायची, "बघा, खातात की. तुम्हाला भरवता येत नाही." झालरताई म्हणायची, हो, मला नाही येत.

छातीत कफ साठला आणि एका सकाळी दादा गेले. नवरा चहा आणायला खाली गेला होता. झालरताई खाटेशी होती. शेवटी ते काही बोलले का, असं नंतर सगळ्यांनी तिला विचारलं. काही बोलले नाहीत. श्वास लागला होता, मग थांबला. तिनं त्यांचा हात धरला होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही, पण काढून घ्यायची ताकदच त्या हातात उरली नव्हती, हे तिनं स्वतःच मला सांगितलं.

नवऱ्याला ते फार लागलं. एक दिवस जेवताना त्यानं विचारलं, "माझ्यामुळं गेले का गं?" डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की या आजारात एक दिवस खाणं बंद होतंच, आज ना उद्या ते झालंच असतं. झालरताईला नवऱ्याचं समाधान करता आलं असतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही." तिला खरंच माहीत नव्हतं. नवऱ्यानं ताट बाजूला केलं. त्या घरात त्यानंतर पुष्कळ दिवस दोघंही कमी बोलले. तो आता जवळच्या शाळेची बस चालवतो, पट्टा बांधून. ती कारखान्यात परत आली. आल्या आल्या मालकानं तिच्यापुढं झालरींचा ढीग टाकला, कारण ती नसताना आम्ही लावलेल्या झालरी गिऱ्हाइकांनी परत पाठवल्या होत्या. ती बसली आणि लावत सुटली.

दादांचे कपडे आवरायला नणंद आली तेव्हा मीही मदतीला गेले होते. निळे शर्ट, स्वेटर, एक न वापरलेला मफलर. दुपारी चहाला बसलो. नणंद म्हणाली, "वहिनी, ते मफिन कसे करायचीस ते सांग ना. शाळेत जायच्या आधी मुलांना नाश्त्याला देईन." झालरताईनं तिला सगळं नीट सांगितलं. दालचिनी आयत्या वेळी कुट, गरम आहे तोवरच लोण्यात बुडव, ओव्हनचं दार सारखं उघडून बघू नकोस. नणंदेनं मान डोलावली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "दादांना तुझ्या हातचं शेवटी शेवटी किती आवडायला लागलं होतं, नाही?"

झालरताई म्हणाली, "माझ्या हातचं त्यांनी कधी खाल्लं नाही, ताई."

नणंदेला वाटलं, ही अजून मनात धरून बसलीय. तिचा चेहरा उतरला. मला खरं काय ते माहीत होतं, पण ते सांगायचं माझं काम नव्हतं. झालरताईनं कपबशा उचलल्या, आत नेल्या आणि विसळायला लागली. नणंदेची बस पाचची होती. मी आणि नवऱ्यानं कपड्यांचं गाठोडं जिन्यानं खाली नेलं.